ओढ्यातलं खोड

मासा खाताना आधी डोकं बायकोच्या पानात टाकायचा. वल्हं होडीच्या कडेला कधी आपटू द्यायचा नाही. परदेशी पाहुण्यांशी मोठ्यानं बोलायचा. मोठ्यानं बोललं की त्यांना आपली किचवा भाषा कळते, असं त्याला वाटायचं. पक्षी ऐकताना होडीत बसून डोकं गुडघ्यांवर टेकवायचा. मला ‘पोरी’ म्हणायचा, चिडला की ‘पदवीधर’.

एलेउतेरिओ तापुय परवा गेला.

नापो नदीच्या काठी आमचं गाव, मागे काळ्या पाण्याचं तळं, मधे अरुंद ओढा. त्या ओढ्यातून तो पाहुण्यांना वल्हवत न्यायचा. मी त्याचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायचे. साहित्य शिकून राजधानीहून, क्विटोहून परतले तेव्हा त्यानंच मला होडीत घेतलं. मी त्याला मामा म्हणायचे.

पाहुणे येतात ते मुंगीखाटकासाठी. पाण्यालगतच्या गचपणात राहणारा पक्षी. नर सगळा काळा. मादी तांबूस, डोकं आणि छाती काळी. कित्येक वर्षं बाहेरच्या जगाकडे या जातीची एकच मादी होती, तीही मेलेली, संग्रहालयात. नर कुणी पाहिलाच नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा त्याची बायको, सोइलामामी, म्हणाली, “त्यात काय एवढं? माझाही दिवसभर झाडीतच असतो. जेवायला तेवढा सापडतो.”

मध्यंतरी एक मोठं झाड ओढ्यात आडवं पडलं. वाट बंद झाली. सभेत ठरलं, यंत्राची करवत आणायची आणि दोन्ही काठ तोडून ओढा रुंदच करायचा. मामा उठला. खोडाशेजारच्या झुडपात मुंगीखाटकाच्या जोडीचं घरटं होतं. नर आणि मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसत होती.

“खोड मी हातानं कापतो. काठाला हात लावू नका.”

“हातानं? तोवर दात पडतील तुझे,” गावप्रमुख सेव्हेरो म्हणाला.

“पडू देत. तुझे उसने घेईन.”

सगळे हसले. रविवारपर्यंत मुदत मिळाली. तोवर खोड तुटलं तर काठ तसेच राहणार होते.

आमच्याकडे पहाटे ग्वायुसाच्या पानांचा काढा पिताना रात्रीची स्वप्नं सांगतात. त्यावरून दिवसाचं काम ठरतं. परवा पहाटे मी त्यांच्याकडेच होते.

“झाड पडताना पाहिलं,” मामा म्हणाला.

मामीनं हातातली वाटी खाली ठेवली. स्वप्नात झाड पडलं की घरातलं माणूस जातं, असं आम्ही मानतो.

“आज घरी बस.”

“अगं, दिवसभर खोड कापतोय. स्वप्नात दुसरं काय येणार, गाय?”

“गाय आली असती तर दूध तरी मिळालं असतं.”

मीही हसले. तो करवत घेऊन गेला.

दुपारी मी त्याचं जेवण घेऊन गेले, पानात भाजलेला मासा. त्याची होडी खोडाला बांधलेली होती. तो आत बसला होता, डोकं गुडघ्यांवर. ऐकतोय, असं वाटून मी वल्हं थांबवलं. झुडपात नर ओरडला. मादीनं उत्तर दिलं. मी बराच वेळ होडी तिथंच धरून ठेवली. त्याला त्रास नको म्हणून.

हृदय बंद पडलं, असं दवाखान्यातून सांगितलं. मामीनं विचारलं, “मासा खाल्ला का त्यानं?”

काल त्याला पुरल्यावर सेव्हेरो माझ्याजवळ आला.

“पोरी, आम्ही थांबलो असतो गं. पण ओढ्याचं पाणी उतरायला लागलंय, आणखी उतरलं तर होडीतून यंत्र नेता येणार नाही. रविवारी यंत्र येणार.”

“आणि त्याआधी खोड तुटलं तर?”

“तर काठ राहतील. शब्द दिलाय मी त्याला. पण तोडणार कोण? तू?”

तो हसला नाही.

आज सकाळी मी एकटी गेले. घरट्यावर नर बसला होता. खोड अर्ध्याहून जास्त कापून झालंय. पाणी उतरलं तसं ते मधे खचलं आणि काप मिटला. मामाची करवत आतच अडकली आहे. दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलत नाही.