कोनाड्यातली काडेपेटी

अप्पाकाका गेल्याला आता महिना होत आला. तार मुंबईला आली तेव्हा मी कॉलेजला निघत होते. बोटीने मालवणला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं... भेटायला येणारी माणसं पायरीवर थांबत, खिशातली काडेपेटी काढून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवत आणि मगच आत येत. आता सांगणारं कोणी नव्हतं, तरीही.

काका गॅसच्या जहाजावर खलाशी होते. आखातातल्या बंदरात पातळ केलेला गॅस टाक्यांत भरायचा आणि जपानला नेऊन उतरवायचा. जहाजावर चढतानाच प्रत्येकाची काडेपेटी काढून घेत. "त्या गॅसाक आपलो वास नसता गो बाय, सुटलो तरी कळाचो नाय. वास मागसून घालतत, जमनीर," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी इंग्रजी शाळेतली, मालवणीत बोलायला लाजणारी. नुसती ऐकते म्हणून असेल, माझ्याशी ते बोलत.

काकूचं मागणं एवढंच, की त्यांनी घरी यावं आणि चुलीपुढे पाटावर बसून गरम भाकरी खावी. दर खेपेला ती 'फुडल्या वर्षी' ऐकत राहिली. शेवटी छातीच्या दुखण्याने ते कायमचे आले, आणि घरातली काडेपेटी ओटीवर गेली. चूल पेटवायची तर काकूने बाहेर येऊन पेटी न्यायची, काडी ओढली की परत आणून ठेवायची. काका जेवतही ओटीवरच. भाकरी तिथवर येईतो निवून जाई.

"तुमी जहाजारसून उतारलास खंय?" काकू म्हणे. "माका वाटता, मीच वर चढलंय."

"मगे कप्तानाचा आयक. पेटी भायर ठेव."

दोघंही हसत, पण दमल्यासारखी.

शेवटच्या दिवशी दुपारी ते आपणहून आत आले, असं काकूने मला सांगितलं. पाटावर बसले. "थंडी वाजता. भाकरी हंयच दी," म्हणाले. अर्धी खाल्ली. नजर जाळावरच होती...

"भियालास?" तिने विचारलं.

"व्हय, भियालंय." पण उठले नाहीत.

मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी मी काडेपेटी आत आणून चुलीशेजारी ठेवली. काकूचा तेवढाच फेरा वाचेल म्हणून. संध्याकाळी तिने चूल पेटवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पेटी ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून आली. चुलीपुढचा पाट मात्र तिने हलवला नव्हता. त्याला वळसा घालून ती भाकरी थापायला बसली.