अण्णांचं नाव त्या भिंतीवर नको

अण्णा गेल्याची बातमी मामीच्या फोनआधी मला ज्यांनी कळवली, त्यांच्याशी अण्णा शेवटी शेवटी बोलतही नव्हते. मोबाइलवर जळती समई, तिच्याखाली कमळ आणि अक्षरं : ‘आमच्या नदीकाठ संकुलाचे शिल्पकार हरपले.’ शिल्पकार! ज्या माणसाला बैठकीला बोलावणं बंद केलं, ज्याचा आराखडा कपाटात कोंबला, तो मेल्याबरोबर शिल्पकार झाला. जिवंत अण्णांच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. शोकसंदेश मात्र चिता पेटायच्या आत तयार.

अण्णा म्हणजे माझे मामा. आई त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही. शहरांचे आराखडे करणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्त होऊन केलगेरीच्या घरात बसले होते, तेव्हा रायापूरच्या पलीकडे होणाऱ्या एका नव्या खासगी विद्यापीठानं त्यांना संकुलाचा आराखडा करायला बोलावलं. जागेला लागून नदी. नदी नकाशापुरती; एरवी इथले सगळे कानडीत तिला हळ्ळच म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्या ओढ्यात म्हशीही बसत नाहीत. अण्णा मला भर आषाढात तिथं घेऊन गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात छत्री, तीही मिटलेली. पाणी काठ सोडून लांबवर पसरलं होतं. “बघ की, ही तिची खोली आहे,” ते म्हणाले. “वर्षातून एकदा येते, पण खोली तिचीच. आपण इथं सामान नाही ठेवायचं.” त्यांनी वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहं सगळं चढावर नेलं आणि खालची सपाटी मैदानासाठी सोडली. पावसाळ्यात तिथं पाणी खेळेल, एरवी पोरं.

विद्यापीठाच्या समितीनं हीच जागा एप्रिलात पाहिली, गाडीची काच न उतरवता. त्यांच्या सल्लागारानं अण्णांना विचारलं, “सर, नदीचा एवढा मोक्याचा फ्रंटेज तुम्ही गवताला दिलाय?” त्यांना काठावर काँक्रीटची भिंत हवी होती, भिंतीवर फरसबंद वाट, दिवे, कॉफीची दुकानं आणि जाहिरातीत बारा महिने निळं पाणी. ते पाणी आणायचं कुठून, तर खाली बांध घालून अडवायचं. “आणि पावसाळ्यात?” अण्णांनी विचारलं. “भिंत आहे ना, सर!” एवढ्या अकलेवर ही माणसं विद्यापीठ काढतात, आणि वर पोरांकडून प्रवेशपरीक्षेची अपेक्षा ठेवतात.

राग मला अण्णांचाही यायचा. इस्त्रीचा शर्ट घालून प्रत्येक बैठकीला जायचे, तिथली इडली खायचे आणि घरी येऊन सांगायचे, “ऐकून घेतलं गं त्यांनी.” मी ओरडायचे, “अण्णा, ऐकून घेणं ही त्यांची नोकरी आहे!” मी वाढले बाबांच्या चळवळीच्या पत्रकांत, आमच्याकडे जेवणाच्या ताटाखालीही उरलेली पत्रकंच अंथरलेली असायची. विनंती करणारी माणसं मला नेभळट वाटायची. शेवटी त्या भिंतीविरुद्ध मीच पत्रक लिहिलं. अण्णांनी पेन्सिल घेऊन माझ्या सगळ्या शिव्या खोडल्या. “मग उरलं काय?” मी चिडून विचारलं. “पाणी उरलं. तेवढंच वाचू दे लोकांना.”

लोकांनी वाचलंही असेल. भिंत झालीच. मैदानाच्या जागी सभागृह आणि पार्किंग आलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंतीनं ढकललेलं पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरलं. या काठाला भिंतीवर सेल्फी चालले होते. अण्णा त्या वस्तीत गेले, दारादारांत वाळत घातलेल्या ओल्या गाद्या बघून आले, आणि विद्यापीठाशी बोलायचे ते थांबले. प्रेम मला त्यांच्याबद्दल होतंच... त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला.

तेरावं उरकलं आणि विद्यापीठाचे कुलसचिव घरी आले. सोबत फोटोग्राफर, हातात मोसंबी. अण्णांच्या खोलीत बसवलं, तर त्यांनी मोसंबी ठेवली नकाशे काढायच्या टेबलावर. ते टेबल तिरकं असतं, हे दारातूनच दिसतं. मोसंबी घरंगळत खोलीभर झाली. संकुलाची जमीन ठरवणारा माणूस कॉटखाली वाकून फळं गोळा करत होता... हे बघायला अण्णा हवे होते.

मग ते मामीशी कामाचं बोलले. “अक्कावरे, भिंतीवरच्या त्या वाटेला सरांचं नाव द्यायचं ठरलंय. घरच्यांनी फक्त हो म्हणायचं.” मग ते वीणाकडे वळले. वीणा म्हणजे अण्णांची मुलगी, त्याच विद्यापीठात कंत्राटावर शिकवते. “मॅडम तर आमच्याच. जूनमध्ये त्यांना कायम करायचं बघतोय.” धमकीही या लोकांना पेढ्यासारखी पुढे करता येते.

मामीनं वीणाकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वीणाच बोलली. “सर, समोरच्या घरांत पुन्हा पाणी जाईल. तिथल्या बायका भिंतीकडं बघतील. वर अण्णांचं नाव दिसेल. त्यांना वाटेल, यानंच बांधली.”

“छे छे, मॅडम, असं कोण म्हणेल...”

“साकु,” मामी म्हणाली. म्हणजे पुरे. “नाव नको. आणि ती मोसंबी तेवढी घेऊन जा.”

फोटोग्राफरनं एकही फोटो काढला नाही. जूनमध्ये वीणाचं काय होणार, हे कळायला ज्योतिषी नको. मामीला कळतं, वीणालाही. ती आता संध्याकाळी अण्णांच्या खोलीत बसून दुसऱ्या कॉलेजांना अर्ज लिहिते. टेबल सपाट करता येतं, खाली स्क्रू आहे. ती करत नाही. लिहिता लिहिता बाजूची पेन्सिल घरंगळू लागते आणि वीणा वर न बघता डाव्या करंगळीनं ती अडवते... अण्णा अडवायचे, अगदी तशी.