माझ्या नावाचा उंदीर

आमच्या 'इंद्रलोक' बिल्डिंगमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या प्रोफेसरने मला फसवलं. आफ्रिकेतल्या नामशेष उंदरांचे दगड झालेले दात तो माझ्या दुकानाच्या माळ्यावर बसून भिंगातून बघायचा. काही बोलण्याआधी जिभेने स्वतःची दाढ चाचपायचा. "शेठ, ही नवीन जात दिसतेय. जागा तुम्ही दिलीत, नाव तुमचंच देतो," म्हणाला. मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

परवा दाढ चाचपून म्हणतो, "चुकलं शेठ. जात जुनीच आहे. उंदीर म्हातारा होता, दात झिजून त्यावरची नक्षी बदलली, म्हणून मला नवीन जात वाटली."

"मग माझा उंदीर गेला कुठे?"

"तो नव्हताच."

दात माझ्या तळहातावर आहे आणि उंदीर नव्हता? आता जिन्यात पोरं विचारतात, "काय उंदीरशेठ, पेढे कसले होते?" त्यांना मी काय सांगू? प्रोफेसरनेच माळ्यावरून खाली यावं आणि सांगावं.