वॉर्डाच्या फ्रिजमधली पिशवी

मंगळवार, सकाळी अकरा. हजर : खाटेवर सासूबाई, शेजारी मी, आणि खाली रक्तपेढीच्या खिडकीत तिथले तंत्रज्ञ.

वर्षभर मी सासूबाईंसाठी रक्त न्यायला जाते, पण खिडकीतल्या या तंत्रज्ञांचं नाव कधी विचारलेलं नाही. ते पिशवीवरचं नाव, गट आणि नंबर मोठ्याने वाचतात, मग मला वाचायला लावतात. बोट चिठ्ठीवर असतं, नजरही तिथेच.

आज पिशवी वर नेली आणि सासूबाईंना ताप चढला. डॉक्टर म्हणाले, उद्या देऊ. मी पिशवी वॉर्डाच्या फ्रिजमध्ये, जेवणाच्या डब्यांशेजारी ठेवली आणि दोन तासांनी परत नेली.

"कुठं होती, ताई?"

"फ्रिजमध्येच. हात लावून बघा, थंड आहे."

"दुधाचा फ्रिज तो, दिवसातून पन्नासदा उघडते. आता हे कोनालेच नाही चालत."

"ओ निगेटिव्ह आहे हो."

"म्हनूनच तर जीव जळून राहिला." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. पिशवीवर 'वापरू नये' लिहिलं आणि लगेच शेजारच्या दुर्ग शहरातल्या रक्तपेढीला फोन लावला.

दुसरी पिशवी उद्या मिळेल. पहिलीतलं रक्त ज्याने दिलं, तो आमचा वैशाली नगरचा शेजारी ड्यूटीवरून थेट आला होता. त्याला सांगणं माझ्या यादीत अजून बाकी आहे.