वलांडीवरून पडली, असे तो म्हणाला

एक जूनला सुरू होणाऱ्या मासेमारीबंदीच्या काळात, जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी, रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यातली सव्वीस वर्षांची बाई मोडलेला डावा हात ओढणीत अडकवून आमच्या ठाण्यात आली. निवृत्तीनंतरही हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

खबर आशा कार्यकर्तीने फोनवर दिली होती. "साहेब, हात सुजलाय. घरचे हळद-तेल लावून बांधतात, दवाखान्यात नेत न्हाईत." मी महिला हवालदारासह जीप पाठवली.

ही बाई तीन आठवड्यांपूर्वीही ठाण्यात आली होती. नवऱ्याने मारले, हात दुखतो, अशी अदखलपात्र नोंद घेऊन तिला परत पाठवले होते. तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे द्यायची वैद्यकीय यादी दिली नव्हती. नोंदीखाली सही माझी होती.

या वेळी यादी दिली. क्ष-किरण तपासणीत कोपर आणि मनगटाच्या मधोमध हाड मोडलेले दिसले. कायद्याने ही गंभीर दुखापत.

दुपारी नवरा आला. सोबत गावातले चार वडीलधारे.

"साहेब, घरातला मामला हाय," त्यातले एक म्हणाले. "आम्ही समजूत घालतो."

"समजूत माझ्या हाडाला घाला, काका," बाई म्हणाली. "जुळतंय का बघा."

मी चौघांना बाहेर बसवले आणि तिच्यासमोरच नवऱ्याला विचारले. तो शांत होता.

"वलांडीवरून पडली. बोंबील वाळत घालताना."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवण्याची उंच बांबूंची चौकट. तिच्यावरून माणसे पडतात, हे मला माहीत होते.

"कधी?"

"मेच्या शेवटाला. बंदीच्या आधी."

मी त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "पडणारा माणूस तळवा टेकतो, बहुधा मनगट मोडतं," डॉक्टर म्हणाले. "मार अडवायला हात आडवा धरला, की हाड असं मधोमध मोडतं. आणि दीड महिना झाला असता तर जोड घट्ट दिसला असता. हे दोन ते तीन आठवड्यांचं आहे."

नवरा म्हणाला, "मग नंतर पडली असंल. जूनमधी."

"जूनमध्ये वलांडी उभी होती?"

बाईच बोलली. "बांबू यानंच सोडलं, पावसाआधी. माळ्यावर हायत. त्यातल्याच एकानं मारलं मला."

"आता बोल की वलांडीवाल्या," महिला हवालदार म्हणाली.

पंचनाम्यात माळ्यावर बांबू मिळाले. चौकट बंदीपूर्वीच सोडली होती, असा जबाब दोन शेजाऱ्यांनी दिला. गुन्हा नोंदवून नवऱ्याला अटक केली. वडीलधारे आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा तिने तडजोडीच्या कागदावर सही केली नाही. मीही तो कागद ठाण्यात ठेवून घेतला नाही.

त्याच आठवड्यात मी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे लेखी सूचना लावली : मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई वैद्यकीय यादीशिवाय परत जाणार नाही. पहिले उदाहरण म्हणून खाली माझ्या सहीची ती जुनी नोंद जोडली. एका वरिष्ठांनी ती नोंद काढायला सांगितली. मी काढली नाही.

खटल्यात बचावाने पुन्हा वलांडी आणली. हाड किती आठवड्यांपूर्वी मोडले होते, ते डॉक्टरांनी सांगितले. नवऱ्याला शिक्षा झाली.

बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात बाईने माहेरच्या अंगणात स्वतःची वलांडी बांधली. तिचा डावा हात किंचित वाकडा जुळला आहे.