पुठ्ठ्याची खिडकी

माझ्या शेजारच्या बाई एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासताहेत. औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, काय येईल ते. तिथे त्यांना ‘चाळणीबाई’ म्हणतात, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नाही.

हत्यार एकच. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि त्याच्या मधोमध एका शब्दापुरती कापलेली खिडकी. तो कागदावर ठेवायचा, शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि उलटं मागे सरकत पहिल्या शब्दाशी यायचं. असं वाचलं की मजकुराचा अर्थच लागत नाही, आणि तेच हवं असतं.

नव्याने कामाला लागलेल्या माणसाला बाई आधी एक ओळ वाचायला देतात: ‘उद्या सकाळी कालर्यायात वेवळेर या.’ तो घडाघडा वाचतो आणि कागद परत करतो. मग बाई त्यावर पुठ्ठा ठेवून एकेक शब्द दाखवतात. त्याचं तोंड उतरलं की म्हणतात, यात तुझी चूक काही नाही; डोळा अक्षरं मोजत बसत नाही, पुढचं-मागचं बघतो आणि मधलं पदरचं घालतो. ते शहाणपणच आहे, फक्त इथे येताना ते घरी ठेवून यायचं.

त्यांचे यजमान शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात चालक आहेत. त्यांची पाळी दुपारी दोन ते रात्री अकरा. बाई सकाळी साडेसातला निघतात तेव्हा ते झोपलेले असतात, आणि बाई पाचला परततात तेव्हा ते पंपावर; रात्री ते येतात तोवर बाई झोपलेल्या. रविवार सोडला तर या दोघांचा संसार चिठ्ठ्यांवर चालतो. छापखान्यातल्या रद्दी प्रुफांची कोरी बाजू त्यासाठी कामाला येते. बाईंच्या शिस्तीप्रमाणे चिठ्ठीच्या डोक्यावर तारीख हवी, आणि वाचून झाली की ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचायची. ‘दूध नासलं एवढं सांगायला तारीख कशाला, कोर्टात दाखवायचंय का?’ असं यजमान म्हणायचे, पण तारीख घालायचे.

एका सोमवारी त्यांनी चिठ्ठी ठेवली: ‘गॅसवाला उद्या दुरपानंतर येईल. किल्ली शेऱ्यांजाकडे दे. छत्रीची काडी बसवून आवठणीने आण.’ बाईंनी ती वाचली, मंगळवारी सकाळी किल्ली माझ्याकडे दिली, छत्री आणि चिठ्ठी पिशवीत टाकली आणि कामावर गेल्या. सगळं सांगितल्याप्रमाणे.

छापखान्यात पिशवीतून कागद काढताना ती चिठ्ठी प्रुफांत मिसळली. सवयीने हात चालला, पुठ्ठा बसला, लाल पेन्सिल उचलली गेली. तीन ओळींत तीन खुणा झाल्या, तिन्ही अक्षरांच्या अदलाबदलीच्या. मालक मागून जात होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि असला लेखक कुठून धरून आणलात म्हणून चेष्टा केली. बाई म्हणाल्या, घरचा आहे. तेवढं बोलताना अक्षर कोणाचं ते त्यांच्या नीट ध्यानात आलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या तडक परतल्या तेव्हा यजमान पाळीवर गेले होते. माझ्याकडून किल्ली घेऊन त्यांनी घरातल्या चिठ्ठ्या खिळ्यासकट उपटल्या आणि पुन्हा माझ्याकडे आल्या. माझ्या खिडकीशी उजेड चांगला असतो. टेबलावर आम्ही तारखेप्रमाणे चिठ्ठ्या मांडल्या. बाई शेवटापासून मागे निघाल्या. तीन खुणा, तीन, दोन, पुन्हा दोन, एक. नऊ तारखेच्या चिठ्ठीत एक. त्याआधीच्या डझनभर चिठ्ठ्या स्वच्छ. आज तीस तारीख होती.

‘एकवीस दिवस,’ त्या म्हणाल्या. ‘रोज वाचत होते मी हे.’

दमणूक असेल, मी म्हणून पाहिलं. त्यांनी मान हलवली. ‘दमलेला माणूस शब्द गाळतो. अक्षरं फिरवत नाही.’

मी त्यांच्याबरोबर पंपघरात गेले. तिथल्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. यजमान लोखंडी चाकाने झडप आवळत होते. बायकोच्या हातात पुठ्ठा बघून त्यांनी विचारलं, ‘आता पंपाचंही प्रूफ काढतेस की काय?’ बाईंनी डोकं दुखतं का एवढंच विचारलं. त्यांनी पाळीवरच्या जोडीदाराकडे जे पाहिलं त्यावरून बाईंनी प्रश्न जोडीदारालाच घातला. त्याने सगळं ओकून टाकलं. दहा-बारा दिवस हे डोकं धरून बसताहेत. आणि पाच-सहा आठवड्यांपूर्वी खालून उठताना नळाला टाळकं चांगलंच आपटलं होतं. घरी सांगायचं नाही, अशी ताकीद होती.

‘अगं, टेंगूळसुद्धा आलं नव्हतं,’ यजमान म्हणाले.

‘पाळी याला द्या आणि चला,’ बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आधी तपासलं, मग मेंदूचा फोटो काढायला लावला. कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साठून मेंदूवर दाब आला होता. दुसऱ्या दिवशी कवटीला भोक पाडून ते काढलं. ‘आणखी आठवडा गेला असता तर मी इतक्या निवांतपणे बोलत नसतो,’ असं डॉक्टर नंतर म्हणाले. लाल खुणांच्या चिठ्ठ्या त्यांनी दोनदा पाहिल्या. बाईंचा धंदा कळल्यावर त्यांना नवल वाटलं. इतकी तयार नजर, मग तीन आठवडे कसं दिसलं नाही?

‘घरी मी चिठ्ठी वाचते हो,’ बाई म्हणाल्या. ‘तपासत नाही.’

दोन महिन्यांनी यजमान कामावर रुजू झाले. तेव्हापासून मात्र बाई घरीही तपासू लागल्या. प्रत्येक चिठ्ठी आधी नुसती वाचायची, मग पुठ्ठ्याखालून. रोज सगळं शुद्ध.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘माळ्यावरची जमळटं काढली.’ ‘जमळटं’खाली लाल खूण; ‘जळमटं’ची अक्षरं फिरलेली.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. जुन्या चिठ्ठ्यांचे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे पत्र्याच्या पेटीत होते. साफसफाई वर्षातून एकदा व्हायची, म्हणून बाईंनी मागच्या वर्षीचा तोच महिना काढला. ‘खिडकीवरची जमळटं काढली.’ त्याच्या आधीच्या वर्षी, ‘जमळटं राहिली, रविवारी काढतो.’ चार वर्षांचे गठ्ठे होते, चारही वर्षं जमळटं.

रविवारी सकाळी त्यांनी मलाही चहाला बोलावलं. यजमान पेपर वाचत होते. बाईंनी छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘अहो, ते काय लोंबतंय?’

त्यांनी चष्मा वर केला. ‘जमळट. राहिलं वाटतं एक.’

‘नेहमी असंच म्हणता?’

‘मग काय म्हणायचं?’

‘काही नाही. तसंच म्हणा,’ बाई म्हणाल्या. त्या उठल्या, पिशवीतून ती चिठ्ठी काढली आणि खोडरबरने लाल खूण पुसून खिळ्याला टोचली.