करडा शर्ट

निजामपुऱ्यात संध्याकाळी भाजी घेऊन आम्ही नवरा-बायको परत निघालो होतो. नवरात्राच्या मंडपाचं भगवं कापड रस्त्याच्या कडेनं ताणलेलं होतं. समोरून आलेल्या एकानं बायकोच्या गळ्याला हात घातला आणि गळा रक्ताळेपर्यंत ओरबाडून मंगळसूत्र हिसकावलं. ती तोंडावर आपटली. ओठ फाटला, पुढचा एक दात रस्त्यावर पडला. तो माणूस त्या भगव्या कापडासमोरून पळताना मला जेमतेम दोन सेकंद दिसला.

"पकडो! ब्लू शर्टवाळो!" मी गुजरातीत ओरडलो.

चौकात निळ्या शर्टातला एकजण स्कूटरला किक मारत होता. लोकांनी त्याला खाली ओढलं. पहिली लाथ मी घातली, पोटात. मग मंडपाचे बांबू आले. डोकं वाचवायला त्यानं हात वर केला आणि मनगट मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तरी मी थांबलो नाही. बायको रक्ताळल्या तोंडानं मला मागं खेचत होती.

"अहो, हा नाही तो! मी तोंड पाहिलंय त्याचं! सोडा!"

आठवड्यानं खरा चोर सापडला. बायकोनं त्याला ओळखलं. त्याचा त्या दिवशीचा शर्ट करडा होता. त्यावर तिच्या रक्ताचे डागही होते.

"साहेब, तो निळाच होता," मी पोलिसांशी हुज्जत घातली. आणि हे कोण म्हणत होतं? रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर शेड जुळवणारा माणूस. नव्या पोरांना मीच सांगतो, नमुना भडक रंगावर ठेवून बघू नका. डोळा रंग मोजत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून बघतो.

दुसऱ्या दिवशी कामावर करड्या रंगाचा तुकडा मी भगव्या पुठ्ठ्यावर ठेवला. निळसर दिसला. दोन्ही सारखेच उजळ घेतले तेव्हा तर जास्तच निळसर. पांढऱ्यावर ठेवला, पुन्हा करडा. पण निळसर म्हणजे निळा नव्हे. उरलेलं काम माझ्या संतापानं केलं होतं.

मार खाल्लेला माणूस वायरमन होता, वासण्याला राहायचा. मी त्याच्या घरी गेलो. प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो दारात आला. मी निळ्या-करड्याचं सगळं सांगितलं.

"तमे पण मारेलुं?" त्यानं विचारलं.

"हो. पहिली लाथ माझीच."

त्याची बायको आतून धावत आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. एकदा, दोनदा. मी हात उचलला नाही. त्यानंच तिला आवरलं.

"माफी नथी जोईती," तो म्हणाला. "पोलीसमां लखावो."

माफी त्याला नको होती; मी पोलिसांत जाऊन तसा जबाब लिहून दिला. "कशाला ओढवून घेताय?" असं पोलीस दोनदा म्हणाले. माझी बायको मात्र शेजारी बसून होती, उठली नाही.

माझ्यावर खटला चालू आहे. त्या वायरमनच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत नाहीत. तारखेला तो येतो, डाव्या हातानं सही करतो आणि निघून जातो.